एकाच कामाला दोन दर : बदलत्या जीएसटीत आदिलाबादचा सरकारी गुत्तेदार

वस्तू व सेवा कराचे, म्हणजेच जीएसटीचे सुधारित दर २२ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झाले. त्या दिवशी सिमेंटवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला आणि घर बांधू पाहणाऱ्यांनी समाधान व्यक्त केले. मात्र त्याच दिवसापासून शासनासाठी केल्या जाणाऱ्या मातीकामावरील कर १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. या दुसऱ्या बदलाची चर्चा फारशी झाली नाही. आदिलाबाद जिल्ह्यात तलावातील गाळ काढणारा, बंधाऱ्याचा भराव घालणारा किंवा शेतरस्त्यावर मुरूम टाकणारा गुत्तेदार मात्र या बदलाशी थेट बांधला गेला आहे.

सर्वसाधारण समज असा की, कर वाढला तर गुत्तेदाराचे नुकसान होते आणि कर घटला तर फायदा. प्रत्यक्षात सरकारी कामाच्या बाबतीत हे गणित इतके सरळ नाही. शासन कराची रक्कम वेगळी देत असेल, तर दरवाढीचा भार गुत्तेदारावर पडत नाही. करारातील रक्कम करासहित असेल, तर तोच भार पूर्णपणे त्याच्यावर पडतो. बिल कोणत्या तारखेचे आहे, पैसे कधी मिळाले आणि करारात कर बदलाविषयी काय लिहिले आहे, या तीन गोष्टींवर त्याचा नफा-तोटा ठरतो. त्यामुळे नुसता दर ठाऊक असणे पुरेसे नाही, त्यामागचे नियम समजून घेणे आवश्यक ठरते.

जिल्हा आणि त्यातील कामे

११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणातील जिल्ह्यांची पुनर्रचना झाली आणि जुन्या आदिलाबादमधून मंचेरियाल, निर्मल व कुमुरम भीम आसिफाबाद हे जिल्हे वेगळे निघाले. आजच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा वाहते आणि पलीकडे महाराष्ट्र सुरू होतो. बेला, जैनथ, भीमपूर, तामसी, तलामडगू, इच्चोडा, नार्नूर या भागांत मराठी घराघरांत बोलली जाते. निजामकाळापासून रुळलेला ‘गुत्तेदार’ हा शब्द येथे आजही ‘कंत्राटदार’ या शब्दापेक्षा अधिक ऐकू येतो.

जिल्ह्यात मोठे कारखाने थोडे असल्याने बांधकाम व्यवसायाचा मोठा आधार सरकारी कामांचाच आहे. रस्ते व इमारती विभाग, पंचायत राज अभियांत्रिकी विभाग, पाटबंधारे विभाग, उटनूर येथील एकात्मिक आदिवासी विकास संस्था, नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांच्याकडून सिमेंट रस्ते, नाल्या, मोऱ्या, शाळाखोल्या, वसतिगृहे, अंगणवाड्या व तलावदुरुस्तीची कामे निघतात. कोराटा-चनाका बंधाऱ्यासारखी कोट्यवधींची कामे मोठ्या कंपन्यांकडे जातात. गावातील लाखांच्या कामांवर स्थानिक गुत्तेदार, त्याचा मिस्त्री, ट्रॅक्टरमालक आणि मजूर जगतात. कायदा दोघांना एकच आहे, पण त्याचा धक्का सोसण्याची ताकद एकसारखी नाही.

जीएसटीपूर्वीचा काळ

बांधकामाच्या कंत्राटात माल आणि श्रम एकत्र मिसळलेले असतात. त्यातील मालावर राज्याला विक्रीकर लावता येतो का, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर लगेचच उभा राहिला. १९५८ मध्ये गॅनन डंकर्ली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे कंत्राट अखंड असल्याने त्यातील मालाची ‘विक्री’ वेगळी काढता येत नाही, असा निर्णय दिला. पुढे १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने कंत्राटात वापरलेल्या मालाचे हस्तांतरण ही विक्रीच मानण्यात आली आणि राज्यांना कर लावण्याचा मार्ग मोकळा झाला.

संयुक्त आंध्र प्रदेशात २००५ पासून मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट लागू झाला. २ जून २०१४ रोजी तेलंगणाची स्थापना झाल्यानंतर तोच कायदा नव्या राज्याने स्वीकारला. बहुतेक गुत्तेदार एकूण रकमेवर ठरावीक टक्के भरण्याचा सोपा पर्याय निवडत आणि तो कर बिलातूनच कापला जाई. केंद्राचा सेवाकर वेगळा होता. २०१२ च्या सूट अधिसूचनेमुळे रस्ते, कालवे, पाणीपुरवठा आणि शाळा-रुग्णालयांच्या सरकारी इमारती त्यातून वगळल्या गेल्या होत्या. १ एप्रिल २०१५ पासून सरकारी इमारतींवरील ही सूट काढून घेण्यात आली. पुढच्याच अर्थसंकल्पात १ मार्च २०१५ पूर्वी झालेल्या करारांपुरती ती पुन्हा बहाल झाली आणि मधल्या काळात भरलेला कर परत मागण्याची संधी देण्यात आली. जुन्या करारांना असे संरक्षण देण्याचा तो प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण जीएसटीच्या पुढील दरवाढीत तसे संरक्षण मिळाले नाही.

२०१७ ते २०२५ : दरांचा प्रवास

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि स्थावर मालमत्तेच्या बांधकाम कंत्राटाला कायद्याने ‘सेवा’ ठरवले. व्हॅट आणि सेवाकर यांची जागा एकाच कराने घेतली. त्यानंतरचे मुख्य टप्पे असे :

• १ जुलै २०१७ : बांधकाम कंत्राटांवर सर्वसाधारण दर १८ टक्के.

• २२ ऑगस्ट २०१७ : रस्ते, पूल, कालवे, धरणे, पाणीपुरवठा अशा कामांसाठी १२ टक्के.

• २१ सप्टेंबर २०१७ : केंद्र, राज्य व स्थानिक संस्थांच्या बिगरव्यापारी इमारतींनाही १२ टक्के.

• १३ ऑक्टोबर २०१७ : एकूण मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक भाग मातीकामाचा असल्यास ५ टक्के.

• १ जानेवारी २०२२ : शासकीय प्राधिकरणे व शासनाच्या मालकीच्या संस्था सवलतीतून बाहेर.

• १८ जुलै २०२२ : १२ टक्क्यांची सरकारी कामे १८ टक्क्यांवर, मातीकाम ५ वरून १२ टक्क्यांवर.

• २२ सप्टेंबर २०२५ : मातीकामही १८ टक्क्यांवर.

२०१७ मधील सवलतींच्या मागणीत तेलंगणाचा वाटा मोठा होता. मिशन भगीरथ व मिशन काकतीय यांसारख्या योजनांवरील कराचा भार कमी करावा, अशी मागणी तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांच्या सरकारने लावून धरली होती. जीएसटी परिषदेची २१ वी बैठक ९ सप्टेंबर २०१७ रोजी हैदराबादेतच भरली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मिशन काकतीयचे लक्ष्य राज्यातील ४६ हजारांहून अधिक तलावांच्या पुनरुज्जीवनाचे होते आणि त्यातील बहुतांश काम गाळ उपसणे व बांध मजबूत करणे, म्हणजे मातीकाम हेच होते. या एकाच योजनेने व्हॅटचा काळ पाहिला, जीएसटीचा १८ टक्क्यांचा प्रारंभ पाहिला आणि नंतर ५ टक्क्यांची सवलतही पाहिली.

शाळांच्या बाबतीत उलट घडले. ‘मना ऊरू, मना बडी’ या शाळासुधार योजनेचा आरंभ मार्च २०२२ मध्ये झाला. तेव्हा सरकारी शाळेच्या बांधकामावर १२ टक्के कर होता. चंडीगडच्या २८ व २९ जूनच्या बैठकीनंतर, योजना सुरू होऊन चार-साडेचार महिने झाले असताना, १८ जुलैपासून तो १८ टक्के झाला. ज्या खोलीचा पाया एका दराने भरला गेला, तिचे छत दुसऱ्या दराने पडण्याची वेळ आली.

दर बदलला तर कोणता दर? ‘तीनपैकी दोन’

करार जुन्या दराच्या काळात झाला होता, म्हणून जुना दर लागेल, ही समजूत चुकीची आहे. करारावर सही कधी झाली, याला जीएसटीच्या कायद्यात महत्त्व नाही. कायद्याच्या १४ व्या कलमात तीन घटना पाहिल्या जातात : काम केव्हा झाले, बीजक (टॅक्स इन्व्हॉइस) केव्हा दिले गेले आणि पैसे केव्हा मिळाले. या तीनपैकी दोन घटना ज्या काळात घडल्या, त्या काळाचा दर लागू होतो.

उदाहरणार्थ, नालीचे काम जून २०२२ मध्ये संपले, बीजक १० जुलैला दिले आणि पैसे ऑक्टोबरमध्ये आले. काम व बीजक दोन्ही १८ जुलैपूर्वीचे असल्याने दर १२ टक्के. तेच बीजक २५ जुलैला दिले असते, तर काम जुने असूनही बीजक व पैसे नव्या काळातले ठरले असते आणि दर १८ टक्के झाला असता. पंधरा दिवसांच्या फरकाने दहा लाखांच्या कामावर ६० हजार रुपयांचा कर वाढतो.

येथे मोजमाप पुस्तिकेचे, म्हणजे बोलीतल्या ‘एमबी’चे महत्त्व कळते. अभियंत्याने कोणत्या तारखेला मोजणी नोंदवली, हा काम कधी झाले याचा सर्वांत भक्कम पुरावा असतो. टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या कामात दरबदलाच्या दिवसापर्यंत झालेल्या कामाची मोजणी वेगळी नोंदवून घेतली, तर पुढचा वाद टळतो. मोजणी पुढे ढकलली गेली की काम कोणत्या बाजूचे, हे सांगणे गुत्तेदाराला कठीण जाते.

करासहित की कराव्यतिरिक्त?

निविदेतील सर्वांत महत्त्वाची ओळ कराविषयीची असते. अंदाजपत्रकात कामाची किंमत आणि जीएसटी स्वतंत्र दाखवलेले असतील व ‘देयकाच्या दिवशी लागू असलेला कर वेगळा दिला जाईल’ अशी अट असेल, तर दरवाढीचा भार शासन उचलते. ‘सर्व करांसह’ अशी एकच रक्कम ठरली असेल, तर गुत्तेदार त्या रकमेत अडकतो.

समजा, कामाचे मूल्य १० लाख आणि त्यावर १२ टक्के कर धरून एकूण रक्कम ११ लाख २० हजार ठरली. दर १८ टक्के झाल्यावर त्याच ११ लाख २० हजारांतून कर काढायचा झाला, तर कामाचे मूल्य ९ लाख ४९ हजार १५३ रुपये उरते आणि कर १ लाख ७० हजार ८४७ रुपये होतो. म्हणजे ५० हजार ८४७ रुपये गुत्तेदाराच्या हातून जातात. दहा टक्के नफा धरून काम घेतले असेल, तर निम्मा नफा एका अधिसूचनेने संपतो.

मातीकामात हा फटका अधिक मोठा आहे. १० लाखांचे काम ५ टक्के करासह १० लाख ५० हजारांना घेतले आणि ते १२ टक्क्यांच्या काळात गेले, तर कामाचे मूल्य ९ लाख ३७ हजार ५०० वर येते. तेच रेंगाळत १८ टक्क्यांच्या काळात गेले, तर ८ लाख ८९ हजार ८३१ रुपयांवर. अकरा टक्क्यांहून अधिक घट सोसून काम पूर्ण करणे कोणत्याही लहान गुत्तेदाराला परवडणारे नाही. म्हणून ‘कायद्यातील बदलामुळे होणारी करवाढ किंवा करघट’ याविषयीचे कलम करारात आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी वाचले पाहिजे. हे कलम दोन्ही बाजूंनी चालते, हेही ध्यानात ठेवावे. सिमेंटवरील कर उतरल्यानंतर त्याचा लाभ शासन मागू शकते.

मातीकाम आणि सिमेंटकाम यांतील फरक

दर एकच झाला तरी दोन्ही कामांवरील परिणाम एकसारखा नाही. गुत्तेदाराने माल घेताना भरलेला जीएसटी त्याला आपल्या करातून वजा करता येतो. यालाच इनपुट क्रेडिट म्हणतात. सिमेंट, लोखंड, डांबर, खडी यांची पक्की बिले असतील, तर सिमेंट रस्त्याच्या किंवा इमारतीच्या कामात हे क्रेडिट मोठे असते. जुलै २०२२ पूर्वी सिमेंटवर २८ टक्के कर भरायचा आणि शासनाकडून १२ टक्के घ्यायचा, अशी उलटी स्थिती होती. आता सिमेंट १८ आणि काम १८, त्यामुळे हा हिशेब बराच सरळ झाला आहे.

मातीकामात खर्च होतो तो डिझेलवर, मजुरीवर आणि जेसीबी-ट्रॅक्टरच्या भाड्यावर. डिझेल अद्याप जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि त्याचे क्रेडिट मिळत नाही. मजुरीवर कर नाही, म्हणून क्रेडिटही नाही. गावातील ट्रॅक्टरमालक नोंदणीकृत नसेल, तर त्याच्या भाड्याचेही क्रेडिट नाही. परिणामी मातीकामाचा गुत्तेदार १८ टक्क्यांपैकी बहुतांश रक्कम रोखीने भरतो. शासनाकडून कर वेगळा मिळाला तर त्याचे नुकसान नाही, पण पैसे येण्यापूर्वी भरावा लागला तर तो त्याच्या खिशातूनच जातो.

मातीकाम ७५ टक्क्यांहून अधिक आहे की नाही, हा वाद आता नव्या कामांपुरता संपला. जुन्या वर्षांच्या तपासणीत मात्र तो उभा राहू शकतो. म्हणून अंदाजपत्रक आणि बाबनिहाय बिले जपून ठेवणे हिताचे आहे. वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे कागदपत्रे ठेवावीत, असे कायदा सांगतो.

बिलातून होणारी कपात

१ ऑक्टोबर २०१८ पासून सरकारी खात्यांनी गुत्तेदाराच्या देयकातून २ टक्के जीएसटी कापून भरणे बंधनकारक झाले. राज्यांतर्गत कामात त्यात १ टक्का केंद्राचा व १ टक्का राज्याचा असतो. कराराचे मूल्य कर वगळून अडीच लाखांपेक्षा अधिक असेल, तरच ही कपात होते. येथे पाहिले जाते ते कराराचे मूल्य, एका हप्त्याचे नव्हे. त्याखेरीज आयकराची कपात होते : वैयक्तिक किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावे काम असल्यास १ टक्का, भागीदारी संस्था वा कंपनी असल्यास २ टक्के. १९९६ च्या कायद्यान्वये बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकरही कापला जातो. वाळू, मुरूम, खडी यांचे स्वामित्वधन आणि करारातील सुरक्षा ठेव वेगळी.

१० लाखांच्या बिलावर १ लाख ८० हजार जीएसटी धरून ११ लाख ८० हजार होतात. त्यातून जीएसटीची कपात २० हजार, वैयक्तिक गुत्तेदाराचा आयकर १० हजार आणि उपकर १० हजार गेल्यावर ११ लाख ४० हजार उरतात. स्वामित्वधन व ठेव त्यानंतर जाते. यांतील उपकर व स्वामित्वधन परत येत नाहीत. जीएसटी व आयकराची कपात मात्र गुत्तेदाराचीच रक्कम असते, ती हिशेबात मिळते.

ती मिळण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतात. कापलेली रक्कम खात्याने पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-७ या विवरणपत्राद्वारे भरली पाहिजे आणि गुत्तेदाराने पोर्टलवर ती स्वीकारली पाहिजे. त्यानंतर ती त्याच्या रोख खातेवहीत जमा होते. स्वीकारण्याची ही छोटी क्रिया अनेकांकडून राहून जाते आणि स्वतःचेच पैसे पोर्टलवर पडून राहतात. जीएसटी क्रमांक चुकीचा नोंदवला गेला, तर ती रक्कम दुसऱ्याच्या नावावर दिसते. म्हणून प्रत्येक देयकानंतर कपातीचे प्रमाणपत्र तपासावे.

पैसे उशिरा, कर वेळेवर

सरकारी कामात बिल मंजूर होणे आणि रक्कम खात्यात येणे यांत अनेकदा महिने जातात. कर भरण्याची वेळ मात्र बीजकाशी जोडलेली असते. टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या सेवेबाबत कायद्याचा नियम असा : करारातून देयकाची तारीख निश्चित होत असेल, तर त्या तारखेपर्यंत बीजक द्यावे; ती निश्चित होत नसेल, तर पैसे मिळताना द्यावे; आणि देयक एखादा टप्पा पूर्ण होण्याशी जोडलेले असेल, तर टप्पा पूर्ण होईपर्यंत द्यावे. म्हणजे करारातील एका वाक्यावर कर कधी भरायचा, हे ठरते. घाईने बीजक काढले, तर पैसे न मिळताही कर देय होतो. उशीर केला आणि मधेच दर वाढला, तर वाढीव दर लागतो.

वरील उदाहरणात गुत्तेदाराने ६ लाखांचा माल १८ टक्के कर भरून घेतला असेल, तर क्रेडिट १ लाख ८ हजार होते आणि रोखीने भरायचे ७२ हजार. शासनाकडून पैसे आलेले नाहीत, म्हणून २० हजारांची कपातही अद्याप जमा नाही. कर सहा महिने थकला, तर वार्षिक १८ टक्क्यांनी ६ हजार ४८० रुपये व्याज होते आणि विलंबशुल्क त्याहून वेगळे. सलग सहा महिने विवरणपत्र भरले नाही, तर मासिक विवरणपत्र भरणाऱ्याची नोंदणी रद्द होऊ शकते. नोंदणी गेली की पुढची निविदा भरता येत नाही.

याच साखळीतील आणखी एक कडी दुर्लक्षित राहते. सिमेंट-लोखंडाच्या दुकानदाराला बीजकापासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्या मालाचे घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते, पण मधल्या काळातील ताण गुत्तेदाराचाच. शासनाचे बिल रखडले, म्हणून दुकानदाराची उधारी रखडली आणि उधारी रखडली, म्हणून क्रेडिट गेले, अशी ही गाठ आहे. दुकानदाराने स्वतःचे विवरणपत्र भरले नसले, तरीही खरेदीदाराचे क्रेडिट अडते. म्हणून स्वस्त दरापेक्षा नियमित विवरणपत्र भरणारा दुकानदार निवडणे अनेकदा अधिक फायद्याचे ठरते.

पैनगंगेच्या पलीकडून

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या आदिलाबादचे किनवट व राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले. नातीगोती आणि व्यापार मात्र नदीच्या दोन्ही काठांवर टिकून राहिले. आदिलाबाद शहरातील सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बंद आहे आणि जुन्या राजुरा भागातून निघालेल्या कोरपना तालुक्यात गडचांदूर-आवारपूरचा सिमेंट पट्टा उभा आहे. परराज्यातील खरेदीवर पूर्वी केंद्रीय विक्रीकर लागे आणि त्याची वजावट मिळत नसे. आता महाराष्ट्रातून आदिलाबादेत पोचवल्या जाणाऱ्या सिमेंटवर एकात्मिक जीएसटी लागतो आणि त्याचे पूर्ण क्रेडिट केंद्र व राज्य दोन्ही करांसाठी वापरता येते. सीमाभागाला जीएसटीने दिलेली ही खरी सोय आहे.

कामाच्या बाबतीत नियम असा की, स्थावर मालमत्ता ज्या राज्यात, त्या राज्यात पुरवठा झाला असे मानले जाते. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या किनवट किंवा पांढरकवड्याच्या गुत्तेदाराने आदिलाबादेत रस्ता बांधला, तर तो आंतरराज्य पुरवठा ठरून एकात्मिक कर लागतो. त्याने कामाच्या ठिकाणी कायमस्वरूपी आस्थापना थाटली असेल, तर तेलंगणात नोंदणी घ्यावी लागते.

लहान गुत्तेदारासाठी पर्याय

तेलंगणात वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असल्यास सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. तथापि निविदेत नोंदणीची अट असू शकते. मागील वर्षाची उलाढाल ५० लाखांपर्यंत असलेल्या सेवा पुरवठादाराला ६ टक्क्यांची आपसमेळ योजना निवडता येते. तीत कर वेगळा आकारता येत नाही आणि क्रेडिटही मिळत नाही. जिथे क्रेडिट मुळातच थोडे आहे, अशा मातीकामात व करासहित रकमेच्या कामांत ती हिताची ठरू शकते. सिमेंटकामात बहुधा नाही. या योजनेत परराज्यातील काम घेता येत नाही, हे सीमेवरच्या गुत्तेदाराने विसरू नये. पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना विवरणपत्र तीन महिन्यांतून एकदा भरण्याची मुभा आहे, कर मात्र दरमहा भरावा लागतो.

ग्रामपंचायतीच्या कार्यकक्षेतील सफाईसारखी निव्वळ सेवा, ज्यात मालाचा समावेश नाही, ती करमुक्त आहे. त्यात बांधकाम कंत्राट मोडत नाही.

आयकराच्या बाजूने, देयके बँकेतूनच येत असल्याने लहान गुत्तेदाराला उलाढालीच्या ६ टक्के नफा गृहीत धरून विवरणपत्र भरण्याची योजना उपयोगी आहे. रोख जमा ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसल्यास तिची मर्यादा तीन कोटी आहे. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो. त्यात ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ यांच्या जागी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली असून, कपातीच्या विखुरलेल्या तरतुदी ३९३ व्या कलमात एकत्र केल्या आहेत. जुन्या १९४सी कलमाचा उल्लेख असलेले फॉर्म व प्रमाणपत्रे त्यानुसार बदलतात.

गावाचा हिशेब

हा प्रश्न केवळ गुत्तेदाराचा नाही. सरकारी खाते किंवा ग्रामपंचायत रस्त्यावर भरलेल्या कराचे क्रेडिट घेऊ शकत नाही, त्यामुळे कर हा कामाच्या खर्चाचाच भाग होतो. एखाद्या रस्त्यासाठी करासह २० लाख मंजूर असतील, तर १२ टक्के दराने १७ लाख ८५ हजारांचे काम होत असे. १८ टक्क्यांना ते १६ लाख ९४ हजारांचे होते. सुमारे ९१ हजारांचा रस्ता कमी होतो. मंजुरी वाढवून मिळाली नाही, तर वस्तीच्या टोकाच्या चार घरांपर्यंत सिमेंट पोचत नाही. कराचा निम्मा भाग राज्याच्या तिजोरीत परत जातो हे खरे, पण तो त्या ग्रामपंचायतीच्या खात्यात परत येत नाही.

सही करण्यापूर्वी आणि नंतर

निविदा, करार व मोजमापाच्या नोंदी तेलुगू किंवा इंग्रजीत असतात. मराठी वाचणाऱ्या गुत्तेदाराने त्या हिशेबनिसाकडे सोपवून निर्धास्त राहण्याऐवजी पुढील बाबी स्वतः समजावून घ्याव्यात :

• रक्कम करासहित आहे की कराव्यतिरिक्त, आणि दर बदलल्यास फरक कोण सोसणार.

• देयक कशाशी जोडले आहे : तारखेशी, टप्प्याशी की निधी उपलब्ध होण्याशी.

• दरबदल जाहीर होताच, तो लागू होण्यापूर्वी झालेल्या कामाची मोजणी नोंदवून बीजक दिले गेले का.

• करातील फरकाची मागणी लेखी देऊन तिची पोच घेतली का.

• कापलेली रक्कम रोख खातेवहीत आली का आणि ती स्वीकारली का.

• दुकानदारांची १८० दिवसांवरील उधारी किती.

जीएसटीचे दर परिषदेच्या बैठकीत ठरतात आणि काही आठवड्यांत लागू होतात. गावातील रस्त्याचे काम अंदाजपत्रकापासून अंतिम बिलापर्यंत वर्ष-दोन वर्षे चालते. या दोन गतींमधला फरक कोणी भरून काढायचा, याचे उत्तर कर कायद्यात नाही. ते करारात लिहावे लागते. जिथे ते लिहिलेले नसते, तिथे तो फरक बहुतेक वेळा गुत्तेदाराच्या नफ्यातून किंवा गावाच्या रस्त्यातून भरला जातो.